अंडर प्रोटेस्ट, इन-सिटू आणि डू द नीडफुल

भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या लोकांना दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागली: पत्र्याच्या शेडची आणि कागदाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, तेव्हा अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून, सरकारी आकड्यानुसार, सुमारे आठ हजार माणसे गेली. जे उरले त्यांच्याकडे पुढची काही वर्षे तलाठी, इंजिनिअर, संस्थांचे कार्यकर्ते आणि परदेशी पाहुणे येत राहिले. जो येई त्याच्याजवळ एक फाइल असे, आणि त्या फाइलीतला महत्त्वाचा भाग बहुधा इंग्रजीत असे.

याला कारण होते. राज्य सरकारने १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधारावर भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. बँकेचे करार इंग्रजीत, इंजिनिअरांचे नकाशे इंग्रजीत, निविदा इंग्रजीत. शासन निर्णय मराठीत निघत, पण त्यांतली मराठीही इंग्रजी मसुद्याच्या साच्यातून निघालेली. ज्यांच्यासाठी हे सगळे चालले होते, त्यांच्यातला शाळेत गेलेला माणूसही पाचवीत पहिल्यांदा इंग्रजीला भेटलेला. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली.

म्हणून औपचारिक इंग्रजी कुठे उपयोगी पडते आणि कुठे नुसती अडचण करते, हे पाहायला किल्लारीसारखे दुसरे ठिकाण नाही. इथे एकाच गठ्ठ्यात दोन्ही प्रकारचे शब्द सापडतात. काही शब्दांवर माणसाचा हक्क टांगलेला असतो, ते काढले तर पैसे जातात. काही शब्द काढले तर कागद निम्मा होतो आणि कुणाचेच काही जात नाही.

ज्या शब्दांवर पैसे अडतात

पहिला शब्द ‘एक्स ग्रेशिया’. मृताच्या वारसाला सरकार जी रक्कम देते, तिला बहुतेक वेळा हे नाव असते. मराठी कागदात तिला ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतात. गावात मात्र सगळ्याच पैशाला ‘भरपाई’ म्हणायची पद्धत आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. भरपाई, म्हणजे ‘कॉम्पेन्सेशन’, ही देणे लागते म्हणून द्यावी लागते. कमी वाटली तर तिच्यासाठी भांडता येते. एक्स ग्रेशिया रक्कम देणारा ‘माझ्यावर कायद्याने बंधन नाही, तरी देतो’ असे सांगून देतो. साध्या मराठीत ‘सरकारने आपणहून दिलेली मदत’. लॅटिन शब्द अवघड आहे, सानुग्रहही काही सोपा नाही. पण त्यातला फरक खरा आहे. अर्ज करणाऱ्याने दोन्हींची सरमिसळ केली, तर मागणी चुकीच्या टेबलावर जाते.

भरपाईचे उदाहरणही त्याच गावांत होते. नवी गावे वसवायला शेतजमिनी संपादित झाल्या. तेव्हा भूसंपादनाचा कायदा १८९४ चा होता. त्यात जमिनीच्या बाजारभावावर आणखी ३० टक्के द्यायची तरतूद १९८४ पासून होती. तिचे नाव ‘सोलेशियम’, मराठीत ‘दिलासा रक्कम’. मालकाला विकायची इच्छा नसताना जमीन सक्तीने घेतली, म्हणून हे वरचे पैसे. हिशेबाच्या कागदावर हा शब्द दिसला नाही तर विचारले पाहिजे. अशा ठिकाणी सोपा पर्याय शोधण्यापेक्षा अवघड शब्द ओळखता येणे जास्त गरजेचे.

याच कायद्यात दोन शब्द असे होते, की ते लिहिले नाहीत तर कोर्टाचा एक दरवाजाच बंद होई: ‘अंडर प्रोटेस्ट’. ठरवलेला मोबदला कमी वाटला तर प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवा, असा अर्ज कलम १८ खाली करता येत असे. पण कलम ३१ म्हणत होते की, ज्याने रक्कम प्रोटेस्ट न नोंदवता घेतली, त्याला हा अर्ज करता येणार नाही. प्रोटेस्ट म्हटले की आपल्यापुढे मोर्चा आणि घोषणा येतात. इथे त्याचा अर्थ एवढाच: रक्कम घेतो, पण ती मान्य आहे असे समजू नका. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यानेही ही अट ठेवली आहे.

हे इंग्रजीतच लिहिले पाहिजे असे अजिबात नाही. ‘ही रक्कम मला कमी वाटते. वाढीव मोबदला मागण्याचा हक्क राखून आणि निषेध नोंदवून मी ती स्वीकारत आहे,’ अशी दोन मराठी वाक्ये पावतीवर पुरतात. कायदा अर्थ पाहतो. मात्र तो अर्थ कागदावर उतरला पाहिजे; मनातल्या निषेधाची नोंद होत नाही.

‘सब्जेक्ट टू’ हाही याच जातीचा. ‘सँक्शन्ड सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी ऑफ फंड्स’ असे पत्र आले की वाचणारा पहिल्या शब्दाशी थांबतो आणि पेढे वाटतो. वाक्याचा जीव पुढे आहे: निधी असेल तर मिळेल. मराठी पत्रात ‘निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून मंजुरी देण्यात येत आहे’ असे लिहितात, तिथेही तीच गत. ‘निधी आला तर ही रक्कम मिळेल, अजून निधी आलेला नाही,’ असे लिहिले तर अटीचा अर्थ तसूभरही कमी होत नाही आणि माणूस सावकाराकडून उसने घ्यायला धावत नाही.

हेक्टर, खण आणि जागेवरचे गाव

पुनर्वसनात गावांचे वर्ग पाडले गेले. जास्त उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी नेली गेली. २२ गावे ‘इन-सिटू’ बांधायची ठरली. बाकीच्या गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे ठरले. इन-सिटू म्हणजे आहे त्या जागेवर. लॅटिनमधून आलेला हा शब्द शास्त्रात रुळलेला आहे, पण गावाला त्याची गरज नव्हती. ‘गाव जागेवरच बांधायचे’ यात काही कमी पडत नाही.

गंमत अशी की त्याच कार्यक्रमात हाच शब्द दुसऱ्या अर्थानेही फिरत होता. इंजिनिअर ‘कास्ट इन-सिटू’ म्हणतो तेव्हा त्याला गावाच्या जागेशी काही घेणे नसते. काँक्रीट कारखान्यात ओतून आणायचे नाही, बांधकामावरच ओतायचे, असे त्याला म्हणायचे असते. नकाशावर हा शब्द राहू द्यावा. ग्रामसभेत आणू नये. आणि ‘इन-सिटू ॲट द सेम प्लेस’ असे तर कुठेच लिहू नये, कारण त्यात जागा दोनदा येते.

घराचे क्षेत्रफळ जमिनीवर ठरले. भूमिहीनांना आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, आणि सात हेक्टरच्या वर ७५०. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असते, पण मराठवाड्यात शेतकरी एकरात बोलतो आणि जुने घर खणात मोजतो. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. ही एक ओळ नियमाखाली छापली की वाचणाऱ्याला आपला वर्ग आपणच काढता येतो. सोपे लिहिणे म्हणजे दरवेळी शब्द बदलणे नव्हे. कधी मापही वाचणाऱ्याच्या ओळखीचे द्यावे लागते.

‘रेट्रोफिटिंग’ची गोष्ट यापेक्षा बरीच गुंतागुंतीची. किल्लारी परिसरातली जुनी घरे दगड-मातीची, जाड भिंतींची, वर माळवद. भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन थर, मध्ये चिपा आणि मातीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसले की धक्क्याने थर सुटतात, आणि वरचे मातीचे जड माळवद खाली येते. उपाय ठाऊक होते: भिंतीत आरपार जाणारे दगड किंवा काँक्रीटचे दुवे घालणे, भिंतींना वरून पट्टा देऊन एकत्र बांधणे, माळवदावरची माती कमी करणे. या सगळ्याला मिळून रेट्रोफिटिंग. इंजिनिअरांचा हा शब्द अचूक आहे. पण ज्या बाईच्या घरातली माणसे दगडाखाली गेली, तिला दगडाचे घर पुन्हा उभे करायला सांगताना तो शब्द काहीच बोलत नाही.

कार्यक्रमाच्या या भागाचे नावच ‘रिपेअर अँड स्ट्रेंग्थनिंग’ होते. हे दोन शब्द एकाच अर्थाचे वाटतात, पण तसे नाहीत. दुरुस्तीने घर होते तसे होते. मजबुतीकरणाने ते होते त्याहून पक्के होते. भेग बुजवून वर गिलावा केला की दुरुस्ती झाली, पण घर पुढच्या धक्क्याला तितकेच कच्चे. लोकांना समजावायचे होते ते नेमके हेच. हे काम पुढे गावोगावच्या ‘संवाद सहायक’ महिलांकडे आले. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांमधून त्यांना तयार केले. त्या घरोघर जाऊन अनुदानाचे हप्ते, साहित्य आणि बांधकामाची रीत सांगत. कागदातले प्लिंथ म्हणजे जोते आणि फाउंडेशन म्हणजे पाया, हे ज्या बाईला सांगायचे तिच्या शब्दांत सांगता आले, तरच ती गवंड्याच्या कामावर नजर ठेवू शकते.

चुकीच्या जागी बसलेले शब्द

भारदस्त शब्द ओठांवर असतात, अर्थ मात्र हातून निसटलेला असतो, असेही बऱ्याचदा घडते. ‘इन लू ऑफ’ हे त्याचे ठळक उदाहरण. त्याचा अर्थ ‘च्या बदली’. ‘कॅश इन लू ऑफ सिमेंट’ म्हणजे सिमेंटऐवजी रोख. पण कितीतरी अर्जांत तो ‘मुळे’ या अर्थाने येतो, आणि ‘भूकंपामुळे मदत’ मागणारा ‘भूकंपाच्या बदली मदत’ मागून बसतो. त्याला हवा असलेला वाक्प्रचार ‘इन व्ह्यू ऑफ’. त्याहून सोपे ‘बिकॉज ऑफ’.

‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणे. भारतातल्या कार्यालयांत तो ‘उत्तर देणे’ या अर्थाने पक्का झाला आहे आणि इथे सगळ्यांना कळतोही. बाहेरचा वाचक मात्र गोंधळतो. ‘रिव्हर्ट बॅक’ तर दोनदा मागे जाते. ‘रिप्लाय’ हा शाळकरी शब्द सगळीकडे चालतो. ‘इन रिगार्ड्स टू’ मधला शेवटचा ‘स’ चुकीचा. ‘विथ रिगार्ड टू’ बरोबर. आणि ‘अबाउट’ने दोघांचेही काम होते. ‘बोनाफाईड’ मराठीत नाम झाला आहे, मुले कॉलेजात जाऊन बोनाफाईड काढतात, आणि मराठीत ते ठीकच आहे. इंग्रजी पत्रात मात्र पुढे ‘सर्टिफिकेट’ लागते.

खुद्द भूकंपाच्या बातम्याही यातून सुटल्या नाहीत. ‘६.४ रिश्टर स्केलचा भूकंप’ असे आजही छापून येते. स्केल ही मोजपट्टी आहे, भूकंपाचे परिमाण नाही. परिमाण, म्हणजे ‘मॅग्निट्यूड’, एका भूकंपाचे एकच असते. ‘इन्टेन्सिटी’, म्हणजे तीव्रता, गावागणिक बदलते: किल्लारीत घरे कोसळतात तेव्हा दूरच्या शहरात फक्त भांडी हलतात. ‘एपिसेंटर’ म्हणजे भूकंपाचा उगमबिंदू नव्हे; तो जमिनीखाली असतो, आणि त्याच्या बरोबर वर जमिनीवर जी जागा येते ती एपिसेंटर. भूशास्त्रज्ञ दख्खनला ‘स्टेबल’ भूखंड म्हणत, त्याचा लोकांनी काढलेला अर्थ ‘इथे भूकंप होत नाही’ असा होता. किल्लारीचा भाग तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो झोन तीनमध्ये गेला.

हे ओझे आले कुठून

इंग्रजीचे हे जड रूप काही इंग्रजांनी आपल्यासाठी मुद्दाम बनवलेले नाही. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुढची काही शतके तिथली कोर्टे फ्रेंच आणि लॅटिनमध्ये चालली, आणि शेतकरी इंग्रजीत बोलत राहिला. दोघांनाही कळावे म्हणून वकील दोन शब्द शेजारी लिहीत, अशी कायद्यातल्या जोडशब्दांची एक उपपत्ती सांगतात, उदाहरणार्थ ‘विल अँड टेस्टमेंट’. गरज संपली, जोड्या राहिल्या.

मराठवाड्याला हे नवे नाही. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. तिथे आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दू ही दरबारची भाषा. दरखास्त, मिसल, पंचनामा हे शब्द तेव्हापासून गावाच्या तोंडी आहेत आणि आता कुणाला परके वाटत नाहीत. त्यावर इंग्रजी आली. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली, आणि त्यावर संस्कृत वळणाच्या मराठीचा आणखी एक थर चढला.

कंपनीच्या आणि राणीच्या काळातले काही वाक्प्रचार विलायतेत केव्हाच मागे पडले, पण इथल्या कचेऱ्यांत टिकले. ‘काइंडली डू द नीडफुल’ हा त्यांचा शिरोमणी. त्याचा दोष तो जुना आहे हा नाही. समोरच्याने नेमके काय करायचे, हे त्यात सांगितलेलेच नसते, हा आहे. तो मराठीतही उतरला: ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ योग्य म्हणजे काय, कुणी करायची, कधीपर्यंत? अधिकाऱ्याने तेच वाक्य खालच्या टेबलाला लिहिले की अर्ज फिरत राहतो आणि प्रत्येकाने काहीतरी केलेले असते.

साफसफाईचे प्रयत्न

दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४० मध्ये, लंडनवर हल्ल्याचे सावट होते. त्या धामधुमीत पंतप्रधान चर्चिल यांनी मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना एक पानी टिपण पाठवले: अहवाल आखूड लिहा, गुळगुळीत वाक्प्रचार गाळा. संकटाच्या वेळी लांबलचक कागद वाचण्यात जाणारा वेळ परवडत नाही, हे त्यामागचे कारण. युद्ध संपल्यावर ब्रिटिश अर्थखात्याने अर्नेस्ट गॉवर्स या मुरलेल्या अधिकाऱ्याकडून सहकाऱ्यांसाठी पुस्तिका लिहून घेतली; ‘प्लेन वर्ड्स’ १९४८ मध्ये निघाली. १९७९ मध्ये क्रिसी माहेर यांनी लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये सरकारी फॉर्मचे जाहीरपणे तुकडे केले आणि ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’ सुरू झाली. अमेरिकेने २०१० मध्ये सरकारी लेखन सोपे असावे असा कायदा केला. २०२३ मध्ये तर सोप्या भाषेचे आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकही आले.

भारतातली ठेच थेट सर्वोच्च न्यायालयाला लागली. २०१७ मध्ये हिमाचल प्रदेशातला घरमालक-भाडेकरूचा एक खटला तिथे आला. उच्च न्यायालयाच्या निकालाची इंग्रजी इतकी गुंतलेली होती, की न्यायमूर्ती मदन लोकूर यांच्या खंडपीठाला तिचा अर्थ लागेना. निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवावे लागले.

एक पत्र, दोन रूपे

हीच साफसफाई एका पत्रावर करून पाहू. किल्लारीतला एखादा पदवीधर परदेशी विद्यापीठात प्रवेश घेऊ पाहतो. त्यासाठी त्याला नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडून कागद हवेत. विद्यापीठ १९९४ चे, आणि लातूर जिल्ह्यातली महाविद्यालये त्याच्याशी जोडलेली. पोरगा शाळेत शिकवलेल्या नमुन्याने लिहितो: ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट आय वॉज अ बोनाफाईड स्टुडंट. इन कनेक्शन विथ द अबव्ह सब्जेक्ट, प्लीज फाइंड एन्क्लोज्ड हिअरविथ द डॉक्युमेंट्स फॉर युवर काइंड पेरुजल. आय रिक्वेस्ट युवर गुड सेल्फ टू डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.’

नम्रता भरपूर आहे, माहिती मात्र नाही. ‘आय बेग टू स्टेट’ काढले तरी आदर राहतो, कारण ‘प्लीज’ आहेच. ‘एन्क्लोज्ड’ म्हटल्यावर ‘हिअरविथ’ लागत नाही. ‘पेरुजल’ म्हणजे वाचणे, आणि कागद वाचायलाच दिले आहेत. ‘ॲट द अर्लिएस्ट’ला तारीख नाही. हेच पत्र असे लिहिता येते:

‘डिअर सर, आय कम्प्लीटेड माय बीएससी इन २०२२. आय नीड टू कॉपीज ऑफ माय ट्रान्सक्रिप्ट, इन सील्ड एन्व्हलप्स, बाय १५ मार्च, फॉर ॲडमिशन टू अ युनिव्हर्सिटी अब्रॉड. आय हॅव अटॅच्ड माय मार्कशीट्स अँड द फी रिसीट. प्लीज टेल मी इफ यू नीड एनीथिंग एल्स. युवर्स फेथफुली.’

‘ट्रान्सक्रिप्ट’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. मार्कशीट एकेका परीक्षेची असते. ट्रान्सक्रिप्टमध्ये सगळ्या वर्षांचे विषय आणि गुण एकत्र येतात, आणि बाहेरचे विद्यापीठ तेच मागते. ‘सील्ड’ही मुद्दामच, कारण पाकीट विद्यापीठाने बंद करून शिक्का मारलेले नसेल तर अनेक ठिकाणी ते स्वीकारत नाहीत. ‘युवर्स फेथफुली’ ही पत्राची रीत, ती ‘डिअर सर’च्या पत्राला शोभते, नावाने सुरू केलेल्या पत्राच्या शेवटी ‘युवर्स सिन्सिअरली’ येते. आणि जिथे ‘डू द नीडफुल’ होते, तिथे आता किती प्रती, कशा पाकिटात आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे आले आहे.